पाणीपट्टी 1,800 वरून 3,000: विरोधाच्या कागदावर मी सही केली नाही

तांबटआळी

आमची ब वर्ग नगरपरिषद. गावाचे नाव लिहीत नाही, आजूबाजूच्या चार गावांत हेच चालले आहे. तीन-साडेतीन वर्षे प्रशासक होते. डिसेंबर 2025 मध्ये निवडणूक झाली, नवे नगरसेवक आले आणि पहिल्याच अंदाजपत्रकात पाणीपट्टीचा विषय निघाला. अर्धा इंची घरगुती नळाला वर्षाला 1,800 रुपये आहेत ते 3,000 करायचे आणि पुढच्या टप्प्यात मीटर बसवायचे, असा प्रस्ताव आहे. त्याच्या विरोधात गल्लीगल्लीत सह्या सुरू आहेत. माझ्याकडे कागद आला तेव्हा मी सही केली नाही. शेजारी विचारतात म्हणून कारण लिहितो.

आमच्या घरी पिण्यासाठी रोज दोन जार येतात. वीस लिटरचा जार दहा रुपयांना. महिन्याचे 600, वर्षाचे 7,200. म्हणजे रोजच्या चाळीस लिटरला मी 7,200 देतो आणि वर्षभराच्या नळाला 1,800. जारवाल्याला पैसे देताना कधी कुरकुर केली नाही, पण पाणीपट्टीचे बिल मात्र मार्चमध्ये नोटीस आल्यावरच भरायचे, ही सवय माझ्या वडिलांपासून आहे.

पाणी धरणातून उपसून आणायचे तर वीज लागते. जॅकवेलवरचे (धरणातले पाणी उपसायच्या विहिरीवरचे) पंप, शुद्धीकरण केंद्र, तिथून पुन्हा उंच टाकीत चढवायचे. तुरटी, क्लोरीन, पंपाची दुरुस्ती वेगळी. हा खर्च दरवर्षी वाढतो आणि पट्टी बारा वर्षांत वाढलेली नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

आणखी एक गोष्ट रोज डोळ्यांसमोर घडते. पाणी चौथ्या दिवशी येते. ते आले की आधीचे साठवलेले ‘शिळे’ झाले म्हणून गटारात ओतायचे आणि पिंपे नव्याने भरायची. आमच्या आळीत दर पाळीला नाली दुथडी भरून वाहते, आणि ते सगळे धरणातून विजेवर आणलेले, शुद्ध केलेले पाणी असते. मीटर असता तर कुणी ओतले असते का?

कराडशेजारच्या मलकापूरने हे करून दाखवले आहे. 2009 च्या सुमारास लहानशा नगरपंचायतीने चोवीस तास पाणी सुरू केले. घरोघरी मीटर, आणि वापर वाढेल तसा दर चढत जाणारा. पंतप्रधान पुरस्कारही मिळाला. नळाला कधीही पाणी असेल तर साठवायची आणि ओतायची गरजच राहत नाही. आपल्याकडे हे का होऊ नये?

वरचीआळी

दादा, तुमची तांबट आळी टाकीच्या पायथ्याशी आहे. तुमच्याकडे संध्याकाळी साडेपाचला पाणी येते. आमच्याकडे रात्री अडीचला.

आमची पाळी कशी असते ते सांगते. सासूबाई दोन वाजताच उठून बसतात. नळ उघडा ठेवून पाइपाला कान लावतात. आधी नुसता सूं आवाज. दहा-बारा मिनिटे हवाच. मग नळ खोकल्यासारखा करतो, तांबडे पाणी येते, ते सोडून द्यायचे. मग करंगळीएवढी धार. नळाला सुती फडके बांधलेले असते, ते प्रत्येक पाळीला पिळून पुन्हा बांधते, त्यात गाळ आणि कधी कधी बारीक अळ्या. पाऊण तासात दोन पिंपे, घागरी आणि एक घंगाळ भरले तर नशीब. खाली बाजारपेठेत थेट नळाला मोटारी लावलेल्या असतात. त्या बंद झाल्या की आमची धार जरा जाड होते, तोवर पाणी जायची वेळ झालेली असते.

चौथ्या दिवशी म्हणजे वर्षाला 91 पाळ्या. 1,800 ला 91 ने भागा, एका पाळीला वीस रुपये पडतात. पट्टी 365 दिवसांची आणि पाणी 91 दिवसांचे. आता तेच 33 रुपये करायचे म्हणता.

आणि मीटर? पहिली दहा मिनिटे येणारी हवासुद्धा मीटर फिरवते. हवेचे पैसे आम्ही भरायचे का? शिळे पाणी ओतणाऱ्यांत आम्ही नाही. आमच्याकडे उरतच नाही.

मलकापूर कोयनेच्या काठावर आहे. आमच्या धरणात एप्रिलमध्ये गाळ दिसतो. तिकडचे उदाहरण इकडे चिकटवू नका.

जमाखर्च

मी नगरपरिषदेच्या लेखा विभागात 29 वर्षे होतो, आमच्याच नाही, दुसऱ्या जिल्ह्यातल्या. दोघांच्याही बोलण्यात एक धागा सुटतो आहे, तो सांगतो.

लहान गावाच्या नगरपरिषदेकडे स्वतःचे पैसे फार थोडे असतात. पूर्वी जकात होती. नाक्यावर रोज रोकड जमायची. 1999 मध्ये नगरपरिषदांची जकात गेली आणि त्या बदल्यात शासनाचे सहायक अनुदान सुरू झाले. ते आले की पगारात जाते, उशिरा आले की पगारही उशिरा. स्वतःच्या हातात राहिली घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांची भाडी आणि बाजाराची पावती.

लोक विचारतात, वित्त आयोगाचे एवढे पैसे येतात ते कुठे जातात? पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या पाच वर्षांसाठी आपल्यासारख्या गावांना दिलेल्या पैशांतले 60 टक्के बंधित, म्हणजे ठरवून दिलेल्या कामांसाठीच होते. निम्मे पाण्याला, निम्मे स्वच्छतेला. उरलेले 40 टक्के अबंधित म्हणायचे, पण त्यातूनही पगार आणि आस्थापनेचा खर्च करता येत नव्हता. नवी जलवाहिनी टाकायला पैसे मिळतात. ती वाहिनी रोज चालवायला माणूस लागतो, त्याचा पगार गावानेच काढायचा. म्हणून नवी टाकी उभी राहते, नारळ फुटतो आणि टाकी कोरडी राहते. अशा टाक्या मी तीन गावांत पाहिल्या.

आता अंदाजपत्रकाकडे. सभेत ‘शिल्लकी अंदाजपत्रक’ मंजूर झाले की वर्तमानपत्रात मोठा आकडा छापून येतो. त्या शिलकेत सगळ्या योजनांचे न खर्चलेले पैसे धरलेले असतात. दलित वस्तीचा निधी, घरकुलाचे हप्ते, रस्त्याचे अनुदान. त्याला दुसऱ्या कामासाठी हात लावता येत नाही. लोकांना वाटते पालिकेकडे कोटींनी पैसे पडून आहेत, आणि तिकडे वीजबिल थकलेले असते.

म्हणून दरवाढीला माझा विरोध नाही. पण विरोधकांनी एक मागणी करावी: पाणीपुरवठ्याचा जमाखर्च वेगळा छापा. वर्षाला वीज किती, रसायने किती, मजुरी किती, पट्टीची मागणी किती आणि प्रत्यक्ष वसुली किती. हे एका पानात मावते. ते पान न दाखवता 3,000 मागणे मला पटत नाही.

बाजारपेठ

जमाखर्चकाका, मुद्दा बरोबर. पण मग थकबाकीचेही पान छापा. आमच्या ओळीतले दुकानदार वर्षानुवर्षे वेळेवर भरतात. दुसरीकडे बंगल्याला दोन-दोन नळ, एकाचीच नोंद. गाडी धुण्याचे सेंटर घरगुती नळावर चालते. बेकायदा नळ कुणाचे आहेत हे पाणी सोडणाऱ्यालाही माहीत असते. त्यांना हात लावायचा नाही आणि भरणाऱ्याचे वाढवायचे, हे म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी.

दर वेळी शास्तीत, म्हणजे उशिराच्या दंडात, सवलत मिळेल म्हणून लोक थांबतात. घरपट्टीवर महिन्याला दोन टक्के शास्ती लागते, ती एकदा माफ झाली की पुढच्या वर्षी वेळेवर भरणाराही विचार करतो.

बाजारात मोटारी लागतात हे ताईंचे म्हणणे खरे आहे. माझ्याकडेही होती. गेल्या उन्हाळ्यात काढली, भांडण झाले म्हणून. पण शेजारी लावतो तोवर माझ्या हौदात थेंब येत नाही, हेही तितकेच खरे.

गल्लीतला

बाजारपेठेचे भाऊ, तुमच्या गाळ्यांच्या भाड्याबद्दलही बोला ना. पालिकेचे गाळे, भाडे जुन्या काळचे, आणि आत पोटभाडेकरू बाजारभावाने. त्याचा फेरलिलाव केला तर पाणीपट्टी वाढवायची वेळ येणार नाही.

बाजारपेठ

पोटभाडेकरू ठेवणाऱ्यांचे गाळे काढून घ्या, मी पहिला सही करतो. पण वडिलांपासून त्याच गाळ्यात शिवणयंत्र घेऊन बसलेल्याला लिलावात उभे करू नका.

चावीवाला

मी पाणी सोडतो. ठेकेदाराकडे आहे, कायम नाही. एवढे सगळे वाचले म्हणून लिहितो.

अडीच वाजता वरच्या आळीला पाणी मुद्दाम देत नाही. टाकी एकच आहे. भरायला वेळ लागतो, एका वेळी सगळीकडे सोडले तर कुठेच दाब राहत नाही. म्हणून झोन पाडलेत. रात्री जॅकवेलवरची लाइट अर्धा तास गेली तरी पंप पुन्हा धरेपर्यंत वेळ जातो, टाकी अर्धी राहते आणि सगळ्या पाळ्या पुढे सरकतात. लोकांना वाटते आम्ही झोपलो. मी पावसातही चावी घेऊन चेंबरमध्ये उतरतो, कंबरेएवढ्या पाण्यात.

गळती कुठे आहे ते सांगतो. मुख्य लाइन सिमेंटची, जुनी. ती फुटली की दिसते, लोक फोन करतात, दुरुस्त होते. न दिसणारी गळती सॅडलजवळ असते, म्हणजे घरचा नळ मुख्य लाइनला जिथे जोडतात तिथे. रस्ता काँक्रीटचा झाला, त्याखाली जोड तसेच राहिले. नाल्यातून गेलेला नळ गंजला की पाणी नसताना घाण आत ओढली जाते. ताईंच्या फडक्यात अळ्या येतात त्या तिथून. चोवीस तास दाब असेल तर बाहेरचे आत येत नाही, एवढे मला कळते.

बेकायदा नळ झोपडपट्टीतच असतात असे कुणी म्हणू नये. तिथे एका स्टँडपोस्टवर (सार्वजनिक नळावर) तीस घरे आहेत.

आणि टाकीतून रोज किती पाणी बाहेर पडते ते मोजायला टाकीला मीटरच नाही. होता, बिघडला, तसाच आहे. आम्ही फुटांवर सांगतो: आज बारा फूट भरली, आज नऊ.

तांबटआळी

चावीवाले भाऊ, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. टाकीला मीटर नाही हे मला माहीत नव्हते. मग माझ्या घरी मीटर बसवून पालिकेला नेमके काय कळणार? किती सोडले आणि किती पोहोचले यातला फरक हीच गळती आणि चोरी. पहिला आकडाच नसेल तर दुसऱ्याचा उपयोग नाही. हा माझ्या मांडणीतला दोष, कबूल करतो.

ताई, हवेचा मुद्दाही मान्य. तीन दिवस रिकाम्या राहणाऱ्या लाइनवर मीटर खरे बोलणार नाही. आधी एखादा झोन सतत दाबाखाली ठेवायचा आणि मग तिथे मीटर बसवायचे, हा क्रम असायला हवा. माझी इच्छा आहे की तो पहिला झोन वरची आळी असावी, तांबट आळी नाही.

पण दरवाढीवरून मी मागे येत नाही. माणशी 135 लिटर हे शहरी पाण्याचे ठरलेले माप आहे. पाच माणसांच्या घराला महिन्याला साधारण वीस हजार लिटर लागतात. एवढे पाणी उपसून, शुद्ध करून घरात पोहोचवायचे आणि महिन्याला 150 रुपये घ्यायचे, हे कोणत्या हिशेबात बसते? सगळे गाव 1,800 वर अडून बसले तर चावीवाल्या भाऊंचा पगार, टाकीचा मीटर, नवे सॅडल, काहीच होणार नाही.

वरचीआळी

वीस हजार लिटर मिळाले असते तर 3,000 काय, 4,000 दिले असते. माझ्या घरात महिन्याला आठ पाळ्या येतात. दोन पिंपे म्हणजे 400 लिटर, घागरी-घंगाळ धरून 500. महिन्याला चार हजार लिटर झाले. तुमच्या मापाचा पाचवा हिस्सा. उन्हाळ्यात टँकर आला तर त्यामागे धावायचे वेगळे. मग मी पाचवा हिस्सा पट्टी भरू का?

आणि पैसे आधी घ्या, पाणी नंतर देऊ, हे आम्ही मागच्या योजनेतही ऐकले. शासनाच्या नगरोत्थान योजनेतून पाइप येणार म्हणून आमची आळी खणली. खड्डे दोन पावसाळे तसेच होते. त्यात मुलाची सायकल पडून हात मोडला. पाइप आले, जोडले नाहीत. आजही चौकात निळे पाइप पडलेले आहेत, मुले त्यावर बसतात.

खेड्यात ग्रामसभेत उभे राहून सरपंचाला विचारता येते. आम्ही विचारायचे कुठे? सर्वसाधारण सभेत मागे बसून ऐकायचे, बोलायची परवानगी नाही.

जमाखर्च

ताई, बोलता येत नसले तरी लेखी देता येते. दरवाढीचा ठराव होण्याआधी मुख्याधिकाऱ्यांच्या नावे हरकत द्या, आवक-जावकचा शिक्का घेऊन प्रत ठेवा. हरकतीत तीनच गोष्टी मागा: पाण्याचा स्वतंत्र जमाखर्च, टाकीच्या मीटरची दुरुस्ती आणि चौकातले पाइप जोडायची तारीख. सरसकट ‘दरवाढ रद्द करा’ लिहिले की अर्ज फायलीला लागतो. आकडा मागितला की उत्तर द्यावे लागते, नाही दिले तर माहिती अधिकार आहे.

पट्टीचे टप्पेही मागता येतील. यंदा 2,100. वरच्या आळीत दोन दिवसांआड पाणी सुरू झाले की पुढचा टप्पा.

तांबटआळी

टप्प्यांची सूचना मला मान्य आहे. हरकतीचा अर्ज मी लिहून काढतो. ताई, पाळी किती वाजता आली, किती मिनिटे राहिली याची काही नोंद आहे का तुमच्याकडे?

वरचीआळी

आहे. कालनिर्णयवर दुधाचे खाडे मांडतो तशाच पाण्याच्या पाळ्या सासूबाई मांडतात. आली ती वेळ आणि गेली ती वेळ. गेल्या दोन वर्षांची कॅलेंडरे खिळ्यालाच आहेत. उद्या मुलाबरोबर पाठवते, झेरॉक्स काढून परत द्या.

विरोधाच्या कागदावरची माझी सही मात्र तशीच राहू दे.