कन्सोल आणि होम थिएटर: आवाज कुठे अडला, कसा सुटला? तुमचे अनुभव सांगा

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत ताईने भाच्याला पीएस ५ हा गेमचा कन्सोल घेऊन दिला आणि तो आमच्या हॉलमध्ये लागला, कारण ५.१ चा (पाच स्पीकर आणि एक वूफर) सेट आमच्याकडे आहे. सेट जुना, पण आवाज अजून खणखणीत. त्याला एचडीएमआय (चित्र आणि आवाज एकाच केबलने नेणारी जोडणी) नाही, फक्त ऑप्टिकल (उजेडातून आवाज नेणारी). पीएस ५ च्या पाठीमागे ऑप्टिकलची जागाच नाही. म्हणून कन्सोल एचडीएमआयने टीव्हीला आणि टीव्हीचा ऑप्टिकल आउट सेटला, असं जोडलं. सगळ्या स्पीकरमधून आवाज आला, सगळे खूश.

दोन दिवसांनी भाचा म्हणाला, "मामा, शत्रू मागून येतो तरी आवाज पुढूनपण येतो." सेटवर पाहिलं तर 'पीसीएम' (न दाबलेला, म्हणजे कॉम्प्रेस न केलेला आवाज) लिहिलेलं. म्हणजे सेटपर्यंत दोनच चॅनेल पोहोचत होते आणि तेच दोन तो पुढेमागे वाटत होता. पुढचे दोन तास मी मेन्यू उलटेपालटे केले. कन्सोलमध्ये आवाजाचा प्रकार 'लिनियर पीसीएम' होता, तो 'डॉल्बी' (आवाज दाबून पाठवायची पद्धत) केला, तरी काही नाही. शेवटी टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'डिजिटल आउट' पीसीएमवर अडकलेलं सापडलं. ते 'पास-थ्रू' (आला तसाच आवाज पुढे पाठवणं) केलं आणि सेटवर 'डॉल्बी डिजिटल' उमटलं. गेममधला पाऊस सोफ्याच्या मागे पडायला लागला तेव्हा भाच्याने मान वळवून पाहिलं.

कारण नंतर वाचलं. ऑप्टिकलची पद्धत १९८३ ची, सीडीच्या काळातली. न दाबलेल्या आवाजाचे दोनच चॅनेल तिच्यातून जातात. ५.१ पाठवायचं तर ते आधी डॉल्बी किंवा डीटीएसमध्ये दाबावं लागतं. ते कोणीतरी दाबायला हवं आणि वाटेत कोणी उलगडायला नको.

तुमच्याकडे काय जोडलंय, कुठे अडलं, ते लिहा. साधा अनुभवसुद्धा चालेल.

डोंबिवलीहून

माझ्याकडे पीएस ४ चं पहिलं मॉडेल, २०१३ मध्ये आलेलं. त्याला ऑप्टिकल आहे (२०१६ च्या स्लिममधून ते काढलं, त्यामुळे जुना घेणाऱ्यांनी मागची बाजू बघूनच घ्यावा). स्पीकर मात्र लोकल ५.१, मागे सहा आरसीए पिना, प्रत्येक चॅनेलची वेगळी. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर एका दुकानदाराने डीकोडरची (दाबलेला आवाज उलगडणारी) छोटी डबी दिली. एका बाजूला ऑप्टिकल आत, दुसऱ्या बाजूला सहा पिना बाहेर.

पहिल्याच दिवशी माणसांचं बोलणं वूफरमधून यायला लागलं, घुमल्यासारखं. मला वाटलं डबी खराब आहे. प्रत्यक्षात सेंटर (मधला स्पीकर) आणि सब (वूफर) यांच्या पिना एकाच जोडीत येतात आणि मी त्या उलट घातल्या होत्या. अदलाबदल केली की झालं. ज्यांच्याकडे सहा पिनांचा सेट आहे त्यांनी पहिली शंका या जोडीवर घ्यावी.

नागपूरहून

छोटासा अनुभव. मुलीचा निन्टेन्डो स्विच टीव्हीला, टीव्हीतून ऑप्टिकलने सेटला. कितीही सेटिंग बदललं तरी स्टिरिओच. स्विच ५.१ देतो, पण फक्त लिनियर पीसीएममध्ये. डॉल्बीत दाबून देतच नाही. आमचा टीव्हीही दाबत नव्हता. एचडीएमआय इनपुट असलेला रिसीव्हर (आवाज उलगडून स्पीकरना देणारा डबा) आणला आणि स्विच थेट त्यात लावला तेव्हाच मागचे स्पीकर बोलले. दोन महिने केबलला दोष देत होतो, तिचा काही गुन्हा नव्हता.

पुण्याहून (आधी न्यू जर्सी)

बारा वर्षं तिकडे राहून परत आलो. येताना रिसीव्हर आणि पाच स्पीकर बोटीने आणले, इतका जीव होता त्या सेटवर. घर लागल्यावर घाईत प्लगला अॅडॅप्टर लावला आणि रिसीव्हर सुरू केला. फट् असा आवाज आणि जळका वास. त्याच्या पाठीवर स्पष्ट १२० व्होल्ट लिहिलं होतं आणि मी तो २३० व्होल्टला जोडला होता. अॅडॅप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही. हे मला माहीत होतं, तरी त्या दिवशी पाठीवरचं वाचलं नाही.

तपकीर गल्लीत एका दुरुस्तीवाल्या काकांनी तो उघडला. फ्यूज आणि वीजपुरवठ्याचा थोडा भाग गेला होता, बाकी बोर्ड वाचला. त्यांनीच मला व्होल्टेज कमी करणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्यायला लावला, रिसीव्हर जितके वॉट घेतो त्याहून चांगला मोठा. चार वर्षं झाली, सेट व्यवस्थित चालू आहे. परदेशातून काही आणणाऱ्यांना कळकळीची विनंती: कन्सोल असो की रिसीव्हर, प्रत्येकाच्या मागचा आकडा वाचल्याशिवाय प्लग लावू नका. '१००-२४०' असेल तर चिंता नाही.

साताऱ्याहून

आमच्याकडे सेट लावल्यापासून सतत 'घूं' असा आवाज यायचा. गेम बंद केला तरी. कोणीतरी सांगितलं, रिसीव्हरची अर्थिंगची पिन काढून टाका. कृपया असं कोणी करू नका, तीच पिन शॉकपासून वाचवते. मी एकेक वायर काढत गेलो. सेट-टॉप बॉक्समधली केबलवाल्याची वायर काढली आणि घूं गायब. त्या वायरीचं अर्थिंग वेगळं, घराचं वेगळं, आणि दोन्ही टीव्हीत येऊन भेटत होती. केबलच्या वायरीवर आयसोलेटर (सिग्नल जाऊ देतो, पण दोन अर्थिंग जोडू देत नाही) बसवला, दीडशे-दोनशे रुपयांचं काम. ऑप्टिकल वापरलं तरी ही घरघर रिसीव्हरपर्यंत जात नाही, कारण तिच्यातून वीज नाही, उजेड जातो.

ठाण्याहून

माझा रिसीव्हर २०१२ चा. कन्सोल त्यात लावून पुढे टीव्हीला दिला तर ४के चित्र सेकंदाला ३० फ्रेमच्या वर जाईना, कारण त्याचं एचडीएमआय जुनं, १.४. मग कन्सोल थेट टीव्हीला आणि टीव्हीच्या 'एआरसी' लिहिलेल्या पोर्टमधून आवाज परत रिसीव्हरला. टीव्हीला चार पोर्ट असले तरी आवाज परत पाठवणारं सहसा एकच असतं, आणि सीईसी (एचडीएमआयने जोडलेली यंत्रं एकमेकांना हुकूम देतात ती सोय) चालू नसेल तर बऱ्याचदा तेही गप्प. प्रत्येक कंपनीने सीईसीला आपलं वेगळं नाव ठेवलंय, त्यात माझा एक रविवार गेला.

जुन्या एआरसीतून दाबलेलं ५.१ येतं, पण पूर्ण न दाबलेलं नाही. यंदा ई-एआरसीचा (न दाबलेलं ५.१ही आणणाऱ्या नव्या एआरसीचा) रिसीव्हर घेतला, आता कन्सोल 'लिनियर पीसीएम'वर ठेवतो. फायदा मला गोळीबाराच्या गेममध्ये लगेच कळला: बटण दाबणं आणि आवाज येणं यातलं अंतर कमी झालं. दाबायला आणि उलगडायला वेळ लागतोच. टीव्ही 'गेम मोड'वर आणि रिसीव्हरमधला ऑडिओ डिले शून्यावर, हेही तपासा.

ठाण्यातूनच, वेगळी व्यक्ती

वूफर आधी कोपऱ्यात ठेवला होता, कोपऱ्यात बास फुगतो. खालच्या घरात तान्हं बाळ आलं, आणि वहिनींनी संकोचाने सांगितलं की रात्री पाळणा हलतो. वूफर कोपऱ्यातून काढून जाड रबराच्या पायांवर ठेवला, रात्री दहानंतर रिसीव्हरचा 'नाइट' मोड. त्यात मोठे आवाज खाली येतात आणि संवाद तसेच ऐकू येतात. वहिनींना मुद्दाम विचारून आले, आता त्रास नाही.

कोल्हापूरहून

हे लिहू की नको असा विचार करत होते. माझ्या धाकट्या भावाची दृष्टी हळूहळू गेली, आता त्याला फक्त उजेड कळतो. तो मारामारीचे गेम कानांनी खेळतो. प्रतिस्पर्धी डावीकडे आहे की उजवीकडे, उडी मारली की सरपटला, सगळं त्याला आवाजावरून कळतं, आणि तो मला सहज हरवतो.

बाबांनी हौसेने ५.१ चा सेट आणला आणि तो हरायला लागला. आम्हाला समजेना. तो म्हणाला, "ताई, सगळे मध्ये येऊन उभे राहिलेत." तो गेम मुळात स्टिरिओ. रिसीव्हर मात्र 'सराउंड' मोडमध्ये त्या दोन चॅनेलचे पाच करत होता, आणि दोन्हीकडे सारखा असलेला आवाज उचलून सेंटर स्पीकरला देत होता. त्याच्यासाठी डावं-उजवं पुसट झालं होतं. मोड 'डायरेक्ट' केला, पुढचे दोन स्पीकर त्याच्या कानांच्या उंचीवर आणले, आणि त्याच संध्याकाळी तो पुन्हा जिंकला.

नंतर त्याने फिरून शोधायचा गेम घेतला, आणि तिथे खरं ५.१ त्याच्या कामाला आलं. दार मागे वाजलं की तो कॅमेरा वळवत राहतो, आवाज बरोबर समोर येईपर्यंत, मग चालतो. त्याच्या मागचे स्पीकर मी आता झाडू मारतानासुद्धा हलवत नाही.

धागाकर्ता

कोल्हापूरच्या ताई, तुमचं लिहिणं घरात मोठ्याने वाचून दाखवलं. काल रात्री मीही सेटवरचा इफेक्ट बंद केला, भाच्याला डोळे मिटायला लावले आणि कन्सोलमधूनच एकेका स्पीकरची चाचणी लावली. आवाज येईल तिकडे बोट दाखव म्हणालो. पुढचे बरोबर. मग मागचा डावा वाजला आणि त्याने उजवीकडे बोट दाखवलं. मला वाटलं त्याचं चुकलं. पुन्हा लावलं, पुन्हा उजवीकडे. दिवाळीपासून मागचे दोन्ही स्पीकर उलटे जोडलेले होते. आज सकाळी स्टुलावर चढून वायरी बदलल्या.