कमी बजेटमध्ये गाडी पेंट करायचीय, घासाघासी घरी केली तर चालतं का?

जुळेसोलापूरकर:
नमस्कार मंडळी. माझी २०१२ ची वॅगन आर आहे, सिल्व्हर. टपावरचं आणि बॉनेटवरचं क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) पापुद्रे सुटल्यासारखं निघालंय, मागच्या चाकाच्या कमानीला आणि दोन दरवाज्यांच्या खालच्या कडेला गंज. होटगी रोडच्या एका पेंटरनं फुल बॉडीचे ४५ हजार सांगितले, माझ्याकडं २५ च्या वर नाहीत. तो म्हणला पार्ट खोलून आणि घासून तूच आणलास तर बघू कमी करून. अंगण आहे, पाणी बोअरचं, वेळ फक्त रविवारी. घासायचा पेपर किती नंबरचा आणू आणि सगळं पत्र्यापर्यंत घासायचं का? व्हिडिओ बघून बघून डोकं फिरलंय, प्रत्येकजण वेगळंच सांगतोय.

गॅरेजवाले_अण्णा:
पत्र्यापर्यंत अजिबात नको बे. कंपनीचा रंग जिथं घट्ट बसलाय त्याच्याइतका चांगला बेस तुला आणि तुझ्या पेंटरला दोघांनाही घालता येणार नाही, तो फक्त ३२० किंवा ४०० नं मारून चमक घालवायची, झालं. जिथं क्लिअर सुटलंय तिथं १८० नं सुरू कर आणि कडेवरून बोट फिरवलं की पायरी लागली नाही पाहिजे, पायरी राहिली की नवीन रंगातनं नकाशा दिसतो. हातानं पेपर धरून घासू नको, बोटांचे पट्टे पडतात, जुन्या हवाई चपलेचा तुकडा कापून त्यावर पेपर गुंडाळ.

आणि घासायच्या आधी गाडी धुवायची, नंतर नाही. डॅशबोर्डला टायरला जे चकाकी आणणारं मारतो त्यात सिलिकॉन असतं, ते तसंच राहिलं की पेपर ते ओरखड्यात भरतो आणि मग रंग मारताना माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. आधी भांड्याचा साबण, मग ग्रीस काढायचं लिक्विड.

गंजाचं मात्र वेगळं. स्क्रूड्रायव्हरनं ठोकून बघ, आत गेला तर तिथं लांबी (पुट्टी) भरून काही उपयोग नाही, पत्रा कापून वेल्डिंगच. दरवाज्याच्या खाली पाणी जायला बारकी भोकं असतात, ती धुळीनं बुजलेली असणार, तारेनं मोकळी कर, नाहीतर गंज आतनं परत येतोच. तू रविवारीच काम करणार म्हणून सांगतो, गंज काढून उघडा पत्रा आठवडाभर ठेवू नको, त्याच दिवशी एपॉक्सी प्राइमर मार नाहीतर ते काम सगळ्यात शेवटी ठेव.

पार्कचौक_एमएच१३:
अण्णा बरोबर आहेत पण माझं मत, फुल बॉडी कशाला ओ? टप, बॉनेट आणि कमानी एवढंच करा. फक्त सिल्व्हरचा एक घोळ आहे, मेटॅलिक असल्यामुळं एकटा पॅनल मारला की उन्हात वेगळा दिसतो, गनचं प्रेशर आणि हात बदलला तरी शेड बदलते. बॉनेटचं ठीक आहे, पण कमान करताना रंग शेजारच्या पॅनलवर विरवत न्यावा लागतो आणि क्लिअर अख्ख्या पॅनलला मारावं लागतं, हे पेंटरशी आधीच बोलून घ्या. कलर बदलायचा विचार असेल तर सोडा, आरसीत नोंद करायला आरटीओ फिरावं लागतंय. आणि २०२७ ला पंधरा वर्षं होतील, तेव्हा पासिंग आणि पर्यावरण कराचा खर्च येणारच आहे, त्यासाठी थोडे पैसे बाजूला ठेवा की.

जुळेसोलापूरकर:
धन्यवाद दादा, अण्णा. बोअरच्या पाण्यानं ओलं घासलं तर चालेल का? नळाला आमच्याकडं रोज पाणी नाही. आणि पुसायला घरात चादरी-टॉवेलचा ढीग आहे.

गॅरेजवाले_अण्णा:
लांबीवर पाणी घालूच नको, ती पाणी पिते आणि नंतर वरच्या रंगाला फोड येतात. लांबी कोरडीच घासायची, तोंडाला मास्क लावून, रुमाल नाही. ओलं घासणं प्राइमरनंतर ६०० नं, ते बोअरच्या पाण्यानं कर पण शेवटचं पाणी नळाचं घाल, बोअरच्या पाण्याचे क्षार सुकून पांढरे डाग राहतात आणि त्याच्यावर रंग टिकत नाही.

टॉवेल तर मुळीच नको. आपल्या सोलापुरी नव्या टॉवेलचे धागे निघतात, ते प्राइमरमध्ये अडकले की परत घासणं आलं. जुनं धोतर किंवा धुवून धुवून विरलेली कॉटनची साडी घे.

चिंचोळी_शिफ्टवाला:
हँडल, बीडिंग, लाईटी काढून घेतल्या तर मास्किंगचा वेळ वाचतो, स्क्रू आणि क्लिप वेगवेगळ्या पिशवीत नाव लिहून ठेवा. पण एचएसआरपी म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट काढू नका, ती लॉक एकदाच बसतात, काढली की तुटली आणि परत नवीन घ्यावी लागते. टेपनं झाकून टाका. झाकायला पेपरची रद्दी एकेरी लावू नका, थिनर आरपार जातं आणि शाई उतरते, तपकिरी कागद स्वस्तात मिळतो.

जुळेसोलापूरकर:
भारी. मग मे महिन्यात सुट्टी आहे तेव्हा सलग करून टाकू का?

गॅरेजवाले_अण्णा:
घासायला मे चालेल, पहाटे. रंग मात्र नको, आपल्या उन्हात थिनर हवेतच उडतं आणि रंग खरबरीत बसतो, वर वावटळीची धूळ. पावसात दमट हवेनं पांढरट पडतो. दिवाळीनंतर मारून घे, पेंटरला आत्ताच सांगून ठेव, आणि तो कुठला प्राइमर वापरणार ते विचारून त्यालाच जुळेल असं घे, तू एक मारलास आणि त्यानं दुसरंच थिनर मारलं तर सगळं उकलून येईल.