१४ गावांचा खर्च नवी मुंबईच्या तिजोरीतून कशासाठी?

सेक्टर_नऊ

मे २०२० पासून प्रशासकाच्या सहीवर चाललेल्या आपल्या महापालिकेत आता १११ नगरसेवकांचं सभागृह परत आलंय. चांगलं झालं. पण सभागृह आलं की निधीवाटप आलं, आणि पहिली ओढाताण १४ गावांवरून होणार असं मला दिसतंय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: दहिसर, मोकाशी, वालिवली, पिंपरी, निघू, नावाळी, वाकळण, बामाली, नारिवली, बाळे, नागाव, भंडार्ली, उत्तरशीव, गोठेघर. पारसिकच्या डोंगरापलीकडची गावं. सुरुवातीला ती नवी मुंबईतच होती. मालमत्ता कर नको म्हणून तिथल्याच लोकांनी आंदोलन केलं, २००७ मध्ये सरकारने गावं वगळली, ग्रामपंचायती आल्या. काही वर्षांनी तिथूनच 'आम्हाला परत घ्या' सुरू झालं. २०२२ मध्ये तेव्हाचे नगरविकास मंत्री एकनाथ शिंदे यांनी विधिमंडळात घोषणा केली आणि गावं पुन्हा आपल्या पदरात पडली. नवी मुंबईतले भाजप नेते गणेश नाईक यांचा याला असलेला विरोध जगजाहीर आहे. त्यांचं राजकारण त्यांच्यापाशी, पण या मुद्द्यावर मी त्यांच्या बाजूने.

तिथे रस्ते, गटारं, मलवाहिन्या, दवाखाने सगळं पायापासून करायचंय. जायला सरळ वाट नाही, महापेहून शिळफाट्याला ठाणे पालिकेच्या हद्दीतून वळसा. सरकारने गावं दिली तर पैसेही द्यावेत. तोवर इथल्या करदात्यांचा एक रुपया तिकडे जाऊ नये, असा ठराव सभागृहाने करावा. मतं मांडा.

पारसिकपल्याड

'कर नको म्हणून आंदोलन' हे अर्धंच सांगितलंत दादा. कराची नोटीस दारात येते आणि सोयी येत नाहीत, तक्रार ती होती. ग्रामपंचायत आल्यावर तरी काय दिवे लागले? घरपट्टीच्या पैशात दिवाबत्ती आणि शिपायांचा पगार निघतो. पुढे प्रत्येक कामासाठी जिल्हा परिषदेच्या पायऱ्या झिजवा.

आणि शहरांनी आमच्याकडे काय पाठवलं? ठाण्याचा कचरा भंडार्लीत येऊन पडत होता, गावाने रस्त्यावर उतरून तो बंद पाडला. एकदा दहिसर मोरीला या. मुंब्रा-पनवेल रस्त्याच्या कडेला पत्र्याची गोदामं, आत भंगार, बाहेर केमिकलचे रिकामे ड्रम उन्हात तापत ठेवलेले. पहिल्या पावसात त्यांचं धुवण खालच्या शेतात उतरतं. गटारच नाही, जाणार कुठे?

लेखाशीर्ष

(आयुष्य हिशेब तपासण्यात गेलं, म्हणून राहवत नाही.)

'इथल्या करदात्यांचा रुपया' ही भाषा जपून वापरा. पालिकेच्या जमेच्या बाजूला सगळ्यात मोठ्या आकड्यांत एक असतो जीएसटी भरपाईचा. तो कुठून आला? १९९६ पासून इथे जकातीऐवजी उपकर होता, २०१३ ला एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला, जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाल्यावर तोही गेला. बुडालेल्या उत्पन्नापोटी राज्य सरकार दरमहा भरपाई देतं: २०१६-१७ चं उत्पन्न पाया धरून, वर्षाला ८ टक्के वाढ. म्हणजे हा पैसा राज्याच्या तिजोरीतून येतो. त्या उपकराचा मोठा वाटा दिघ्यापासून खाली पसरलेल्या कारखान्यांचा होता, वाशीच्या टू बीएचकेचा नव्हे. मालमत्ता कराचं म्हणाल तर वर्षानुवर्षं अर्थसंकल्पाची बातमी एकच: करवाढ नाही. दर जागचा हलत नाही आणि 'आमचा पैसा' म्हणायचं?

सेक्टर_नऊ

मग तुमच्याच हिशेबाने बघू. पाया २०१६-१७ चा. त्या वर्षी ही गावं पालिकेत नव्हतीच. म्हणजे भरपाईत त्यांचा दमडाही धरलेला नाही. माणसं वाढली, हद्द वाढली, भरपाई तीच. खड्डा कोण भरणार?

लेखाशीर्ष

हा मुद्दा चोख आहे. पण त्यातून 'गावांना काही देऊ नका' हे निघत नाही, 'भरपाईचा पाया बदला' हे निघतं. ठराव करायचाच तर हा करा आणि मंत्रालयात पाठवा.

प्रशासकच_बरा

कशाला डोकं फोडताय. साडेपाच वर्षं नगरसेवक नव्हते, शहर बुडालं का? नळाला पाणी येत होतं, कचरा उचलला जात होता. आता बघा, चांगले पेव्हर ब्लॉक उचकटून नवे बसतील आणि कोपऱ्यावर 'यांच्या प्रयत्नाने' असा फलक लागेल.

महासभा_हवी

फलकांचं अगदी मान्य. पण प्रशासक असताना काय होतं ते समजून घ्या. एरवी आयुक्त अंदाजपत्रक १६ जणांच्या स्थायी समितीपुढे ठेवतात, समिती फेरफार करते, मग ते महासभेत जातं. पुढच्या वर्षाचे करांचे दर २० फेब्रुवारीपर्यंत महासभेने ठरवायचे असतात. प्रशासकाच्या काळात प्रस्ताव मांडणारा, तपासणारा आणि मंजूर करणारा एकच माणूस. स्वतःच गोषवारा लिहायचा आणि स्वतःच ठराव पास. १४ गावांवर अमुक का खर्चले किंवा का नाही खर्चले, हे विचारायला तिथे एकही खुर्ची नव्हती. त्यापेक्षा भांडणारे १११ परवडले.

खरी भीती मला दुसरीच वाटते. आता २७ प्रभाग चार नगरसेवकांचे आणि एक तिघांचा. चौघे आपापला कोपरा वाटून घेणार आणि प्रभाग निधी सगळ्यांना समान मिळावा म्हणून एकमुखाने उभे राहणार, कारण त्यात कुणाचंच वाईट होत नाही. पण समान निधी म्हणजे जिथे गटार आहे तिथे टाइल्स आणि जिथे गटार नाही तिथे अर्धं गटार.

घणसोली_गावठाण

मंग आमचा नंबर कधी लागणार?

वर नोडवाले (सिडकोने वसवलेल्या वसाहतीतले) नि डोंगरापल्याडचे भांडताहेत, मधे आम्ही नवी मुंबईतली मूळची २९ गावं कुणाच्या खिजगणतीतच नाय. १९७० पासून शहरासाठी जमिनी आमच्या गेल्या. १९८४ ला जासईला गोळीबारात पाच माणसं गेली, तेव्हा कुठं साडेबारा टक्क्यांची, म्हणजे गेलेल्या जमिनीच्या बदल्यात विकसित भूखंड परत द्यायची गोष्ट पुढं सरकली. पालिका झाली १९९२ ला. पहिल्या दिवसापासून आम्ही आत आहोत, तरी गावठाणातल्या गल्लीत आगीचा बंब शिरत नाय. आम्हीच वाढीव बांधलंय, मान्य आहे. पण पोरांची लग्नं झाली, गावठाणाची हद्द तेवढीच. बांधणार कुठं?

१४ गावांवर माझा राग नाय, त्यांच्यात आमच्या सोयरिकी आहेत. पण नवं पान मांडायच्या आधी जुन्या पंगतीला वाढा.

पारसिकपल्याड

भाऊ, तुम्हाला तीस वर्षांवर होऊन गेली, म्हणून आम्ही आणखी तीस थांबायचं का?

सेक्टर_नऊ, एक विचारतो. नवी मुंबईला पाणी देणारं मोरबे धरण खालापूर तालुक्यात, रायगड जिल्ह्यात. तिथल्या लोकांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या. पालिकेने पैसे मोजून २००२ मध्ये धरण घेतलं हे खरं, पण हद्दीबाहेरचं पाणी चालतं आणि हद्दीतलं गाव जड होतं, हा कुठला न्याय?

सेक्टर_नऊ

पैसे मोजून घेतलं, हाच तर फरक. सरकारने गावं देताना उलटे आपल्याला मोजायला हवे होते.

आणि मोजायचंच तर वसुलीही मोजा. समाविष्ट गावांना पूर्ण कर एकदम लागत नाही, टप्प्याटप्प्याने चढतो. घरांसाठी ते रास्तच आहे. पण त्या सवलतीच्या आडोशाला दहिसर मोरीची गोदामंही बसणार का?

लेखाशीर्ष

आता कुठे गाडी रुळावर आली. माझी सूचना साधी आहे. १४ गावांची भांडवली कामं आणि गावठाणांची कामं यांना अंदाजपत्रकात दोन वेगळी लेखाशीर्षं, म्हणजे खर्चाची स्वतंत्र खाती द्या. 'प्रभागातील विविध विकासकामे' या पोत्यात दोन्ही कोंबली की वर्षअखेरीला कुणी काय नेलं ते ब्रह्मदेवालाही कळत नाही. समोर राज्याकडून आलेली रक्कम आणि गावांतून झालेली वसुली, असे दोन रकाने. आणि तरतूद वाचून हुरळू नका, वर्षाच्या मध्यावर होणाऱ्या सुधारित अंदाजात ती हळूच कापून दुसरीकडे वळवली जाते. डिसेंबर-जानेवारीत तोच आकडा पुन्हा तपासायचा.

प्रशासकच_बरा

हे सगळं वाचणारे नगरसेवक किती, तेही एका रकान्यात टाका.

सेक्टर_नऊ

वेगळं लेखाशीर्ष मला चालेल. 'एक रुपया नको' ऐवजी 'राज्य देईल तेवढं अधिक गावांतून वसूल होईल तेवढं' असं म्हणतो. त्यापलीकडे नाही.

घणसोली_गावठाण

हा नियम आम्हाला लावला असता तर घणसोलीत अजून कंदील असते.

पारसिकपल्याड

गोदामांची आकारणी आधी करा, गावाची काही हरकत नाही. फक्त नोटीस कोणत्या पत्त्यावर पाठवायची ते नीट तपासा. जमीन गावकऱ्याची असेल, पण भाडं खाणारे किती तरी शेठ वाशी-नेरुळला राहतात. तुमच्याच सोसायटीत निघाले तर कळवा.