रोड बाइकला २५ मिमीचे टायर काढून २८ चे बसवावेत का?

पानशेतवारी:
माझी रोड बाइक २०१६ ची. अ‍ॅल्युमिनियम फ्रेम, कार्बन फोर्क, रिम ब्रेक. टायर २५ चे आणि हवा पहिल्या दिवसापासून ११० पीएसआय. माझं वजन ६८. दर रविवारी कोथरूडहून पानशेतला जाऊन येते. परतताना डोणजे येईपर्यंत उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट पार बधिर होतं. मागच्या रविवारी घरी आल्यावर कुकरचं झाकण लावता येईना, शेवटी मुलीने लावलं.

हँडलची टेप बदलली, जेलचे ग्लोव्ह्ज घेतले, थोडाच फरक पडला. डिसेंबरात ३०० किमीची बीआरएम (ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड) करायची मनापासून इच्छा आहे. वीस तासांची मुदत, तेवढा वेळ हा हात टिकणार नाही. २८ बसतील का हे घरच्या घरी कसं बघायचं? आणि वेग किती कमी होईल? ग्रुपमध्ये सगळे सांगतात, रुंद टायर ओढायला जड.

आऊट_काढा:
ताई, आधी मोजा. नेहमीएवढी हवा भरा आणि अ‍ॅलन कीचा सेट (मिमीच्या मापाच्या षटकोनी चाव्या) घेऊन बसा. टायर आणि ब्रेकची कमान यांच्यात, मग फोर्कखाली (पुढचं चाक धरणारा चिमटा), मग मागे चेनस्टेच्या (मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या खालच्या नळ्या) आत दोन्हीकडे की सरकवून बघा. २८ चा टायर वर साधारण ३ मिमी वाढतो, बाजूंना दीड-दीड. बसवल्यावर ४ मिमी तरी जागा मोकळी राहायला हवी, कारण ओल्या रस्त्यावर टायरला खडी चिकटते आणि फ्रेम खरवडते. वर ८ ची आणि बाजूंना ६ ची की सहज गेली तर खुशाल घ्या. वर ५ चीच अडकत असेल तर नाद सोडा. चाकाला आऊट (फिरताना डगमग) असेल तर तो आधी काढून घ्या, नाहीतर माप चुकेल. रिम आतून किती रुंद आहे तेही बघा. १९ मिमीच्या रिमवर तोच टायर १५ च्या रिमपेक्षा जास्त फुगतो.

जड लागण्याचं म्हणाल तर ते गुळगुळीत रस्त्यावरही फारसं खरं नाही. हवा तेवढीच असेल तर रुंद टायरचा टेकणारा भाग लांबीला आखूड होतो, टायर कमी वाकतो. आणि जिथे डांबरातून खडी वर आलीय तिथे ११० चा टायर दबतच नाही, तुम्हालाच उचलतो. त्या हादऱ्यांत जाणारी ताकद तुमच्या पायांतलीच असते. पॅरिस-रूबे शर्यतीच्या दगडी रस्त्यांवर व्यावसायिक मंडळी आता ३० हून रुंद टायर लावतात, ती काही हळू जायला नाही.

सातारा_रस्ता:
पैसे घालण्याआधी आहे त्याच टायरमध्ये ८५-९० हवा ठेवून एक रविवार काढा. ६८ किलोला ११० फारच झाली. आणि बोटं दुसऱ्या दिवशीही बधिर राहिली तर डॉक्टरांना दाखवाच.

पानशेतवारी:
दोघांचंही ऐकलं. ९० वर फरक लगेच कळला, पण खानापूरच्या पुढच्या खराब पट्ट्यात हात पुन्हा भरून आला. मग मोजलं. पुढे ८ ची की आरामात गेली. मागे डाव्या चेनस्टेजवळ ५ ची अडकली. म्हणून पुढे २८, मागे २५ च ठेवला. हवा पुढे ७०, मागे ८८.

एक सांगते, कोणाला तरी उपयोगी पडेल. ब्रेकची खिटी उघडूनही पुढचं चाक पॅडमधून जाईना. हवा सोडली, चाक बसवलं आणि मग पंप मारला. म्हणजे वाटेत पंक्चर झालं तर हाच क्रम. वेग-अंतर दाखवणाऱ्या मीटरचा सेन्सर पुढच्या चाकावर आहे, म्हणून मीटरमध्ये चाकाचा परीघ २१०५ मिमीचा २१३६ केला.

काल डोणज्यापर्यंत बोटं जागी होती. नांदेड फाट्याला थोड्या मुंग्या आल्या, पण त्या उतरल्यावर लगेच गेल्या. वेळ नेहमीएवढाच लागला.

आता ३०० ला सुट्या ट्यूब दोन मापांच्या न्यायच्या का?

आऊट_काढा:
गरज नाही. २५-३२ लिहिलेल्या दोन घ्या, दोन्ही चाकांना चालतात.