भुवया दाटच ठेवून नीट करायच्या आहेत, पुणे (कोथरूड परिसर) – सल्ला हवा

निळी_सायकल
मार्गशीर्षात माझं लग्न आहे, इथेच पुण्यात. भुवया मुळात दाट, नाकाच्या वर किंचित जुळतात. मला त्या दाटच हव्या आहेत. मधली जागा मोकळी आणि पापणीवरचे सुटे केस साफ, एवढंच. पण "अगदी थोडं करा" सांगूनही दर वेळी बारीक, टोकदार कमान होते. मागच्या खेपेला उजवी भुवई डावीपेक्षा बरीच बारीक झाली, ती अजून भरलेली नाही.

डहाणूकर कॉलनी, कर्वेनगर या बाजूला पार्लर निवडताना काय बघावं, तिथल्या ताईंना नेमकं काय सांगावं आणि लग्नापर्यंत किती वेळा करावं? आई म्हणते नवरीच्या भुवया कोरीवच हव्यात, फोटोत त्याच उठून दिसतात. तिला काय सांगू तेही सुचवा. आता श्रावण चालू आहे, म्हणजे साडेतीन-चार महिने हातात आहेत.

शेवग्याच्या_शेंगा
सगळ्यात आधी, आता हात लावू नका. गौरी-गणपतीला फार तर मधले केस घ्या, बाकी ग्रोथ येऊ द्या. मधले काही आठवडे विचित्र दिसतं आणि नेमका तेव्हाच धीर सुटतो. तेवढं सोसलंत तर पुढचं सगळं सोपं आहे.

दोरा_आणि_पावडर
माझं सिंहगड रोडला घरगुती पार्लर आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. जाहिरात करायची नाही, त्यामुळे नाव-पत्ता देत नाही.

वर लिहिलंय ते अगदी खरं आहे. डोक्यावरचा केस वर्षानुवर्षं वाढत राहतो. भुवईचा केस काही आठवडेच वाढतो आणि मग बराच काळ नुसता थांबून असतो. म्हणून भुवया लांब होत नाहीत, आणि म्हणूनच मुळापासून काढलेली भुवई पूर्ण भरायला तीन-चार महिने लागू शकतात. तुमच्याकडे तेवढा वेळ आहे, तो वाया घालवू नका. दर पंधरा दिवसांनी "जरा नीट" करून घेतलं की नुकते उगवणारे केसही निघतात, कड दर वेळी थोडी आत सरकते. भुवया बारीक होतात त्या बहुतेक वेळा अशा हळूहळू. एकाच जागचे केस अनेक वर्षं उपटत राहिलं तर काही पुन्हा येतही नाहीत.

आता शेप. आरशासमोर बसून पेन्सिल नाकपुडीच्या बाहेरच्या कडेला उभी धरा. ती भुवईला जिथे लागेल तिथे सुरुवात. खालचं टोक तिथेच ठेवून पेन्सिल तिरकी करत बुबुळाच्या बाहेरच्या कडेवरून न्या, तिथे सगळ्यात उंच जागा. आणखी तिरकी करून डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यावरून नेली की भुवईची शेपटी कुठे संपायला हवी ते कळतं. पांढऱ्या पेन्सिलीने ठिपके देऊन फोटो काढून ठेवा आणि पार्लरमध्ये तोच दाखवा. नटीचा फोटो दाखवू नका, तिच्या कपाळाचं हाड आणि तुमचं वेगळं. हा अर्थात ठोकताळा आहे. डोळे जवळजवळ असतील तर मधली जागा थोडी जास्त मोकळी चांगली दिसते, लांबट चेहऱ्याला सरळसर भुवई शोभते, गोल चेहऱ्याला किंचित उंची. दोन गोष्टी मात्र मी कुणाच्याच चेहऱ्यावर करत नाही. सुरुवातीची कड पट्टीने आखल्यासारखी कापत नाही, आणि शेपटीचं टोक सुरुवातीच्या पातळीच्या खाली जाऊ देत नाही. ते खाली गेलं की माणूस थकलेला दिसतो.

"थोडं करा" यावरून आम्हाला काहीच कळत नाही, प्रत्येकीचं थोडं वेगळं असतं. असं सांगा: "वरच्या बाजूला दोरा लावू नका. खालून फक्त सुटे केस घ्या, जाडी आहे तेवढीच ठेवा. कमान काढू नका. आधी एक बाजू करा आणि मला आरसा द्या." मधेच आरसा मागायला लाजू नका, चांगली काम करणारी बाई त्याचा राग धरत नाही. आणि उजवी बारीक आहे म्हणून डावी तिच्या मापाची करू असं कुणी म्हणालं तर स्पष्ट नाही म्हणा. उजवी भरेपर्यंत डावीला हात नाही. दोन्ही भुवया तंतोतंत सारख्या तशाही कुणाच्या नसतात.

लांब केसांना दोरा नको, कात्री हवी. मस्काराचा जुना ब्रश स्वच्छ धुऊन त्याने केस वर विंचरा आणि वरच्या कडेबाहेर जी टोकं येतील तेवढीच छाटा. दाट भुवयांचं निम्मं काम इथेच होतं, आणि बहुतेक ठिकाणी नेमकं हेच करत नाहीत.

आजोळ
आईशी वाद घालू नकोस ग. तिच्या तरुणपणी, नव्वदच्या दशकात, बारीक भुवयांचीच फॅशन होती. तिच्या डोळ्यांना तेच सुंदर वाटणार. तिला आजीच्या लग्नाचा फोटो दाखव, भरघोस भुवया आणि ठसठशीत कुंकू.

शिवाय आपल्या नवरीच्या चेहऱ्यावर किती काही असतं बघ. मुंडावळ्यांचे मोती, कपाळावर चंद्रकोर, नाकात नथ. एवढ्या दागिन्यात रेघेएवढी भुवई हरवून जाते, भरलेलीच टिकते. मधली जागासुद्धा फार रुंद करू नकोस, चंद्रकोर एकटी पडते. माझ्या भाचीची मुंडावळी आणि टिकली लावून ट्रायल केली आणि त्या ट्रायलचे फोटो बघून तिच्या आईने स्वतःहून माघार घेतली. तूही तसंच कर.

तालमीतला
धागा बायकांचा असला तरी विचारतो. माझ्याही भुवया मधे जुळतात आणि साखरपुडा आहे. सलूनमध्ये दोरा मारून घ्यावा का? कोरलेल्या दिसायला नकोत.

दोरा_आणि_पावडर
दादा, अवश्य विचारा. पुरुषांच्या भुवईला खालून-वरून दोरा नको. फक्त मधले केस प्लकरने एकेक काढायचे, केस उगवतो त्याच दिशेने ओढून. वर सांगितलेल्या पेन्सिलीच्या रेषेपर्यंत न जाता थोडं नाकाच्या बाजूलाच थांबायचं, मधे दोन-चार विरळ केस राहिले तरी चालतात. भुवईतून बाहेर डोकावणारे लांब केस कात्रीने छाटा. मधे ब्लेड फिरवू देऊ नका. खुंट दोन-तीन दिवसांत दिसायला लागतात.

निळी_सायकल
सगळ्यांचे मनापासून आभार. आईला आजीचा फोटो आजच दाखवते.

आणखी तीन शंका. मी पिंपल्ससाठी रात्री अडापलीन लावते, ते चालेल का? एरंडेल लावून केस लवकर येतात का? आणि मेकअपवाल्या ताई म्हणतात उजवीला मायक्रोब्लेडिंग करून टाक, लग्नाची काळजीच मिटेल.

त्वचा_ओपीडी
मी त्वचारोग विभागात शिकते आहे. तुम्हाला प्रत्यक्ष पाहिलेलं नाही, म्हणून सर्वसाधारण लिहिते.

अडापलीनमुळे त्वचा नाजूक होते. थ्रेडिंगच्या आधी पाच-सात दिवस भुवईच्या आसपास लावू नका, नंतरही लाली जाईपर्यंत थांबा. भुवईला वॅक्स तर नकोच, त्वचेचा पापुद्रा निघून येतो. पिंपल्सच्या गोळ्या, म्हणजे आयसोट्रेटिनॉइन चालू असेल किंवा नुकतीच थांबली असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय वॅक्स अजिबात नको.

एरंडेलाने केस मऊ आणि चकचकीत दिसतात, म्हणून भरल्यासारखे वाटतात. नवीन केस उगवतात याला ठोस पुरावा नाही. लावायचंच तर अगदी थेंबभर, डोळ्यात जाऊ न देता. डोक्यावर केस येण्यासाठी लावतात ते मिनॉक्सिडिल हे औषध मनाने भुवईला लावू नका.

मायक्रोब्लेडिंगची घाई करू नका. सुईने त्वचेत रंग भरतात, तो साधारण एक ते तीन वर्षं राहतो आणि शेप चुकला तर तेवढा काळ चेहऱ्यावर राहतो. जखमेची खूण जाड होऊन वर येण्याची, म्हणजे कीलॉइडची प्रवृत्ती असेल तर करूच नये. तुमचे केस आपोआप येणार असतील तर त्याची गरजही नाही. भुवईला काळी मेंदी किंवा टिंट लावणार असाल तर त्यात पीपीडी नावाचं रसायन असू शकतं, काहींना त्याने डोळे सुजेपर्यंत ॲलर्जी होते. दोन दिवस आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघा.

आणि एक, हे वाचणाऱ्या सगळ्यांसाठी. दोरा न लावताही भुवईचा बाहेरचा तिसरा हिस्सा विरळ होत असेल, सोबत थकवा, वजन वाढणं, थंडी सोसत नसणं असं काही असेल, तर थायरॉइडची टीएसएच तपासणी करून घ्या. अचानक गोल चकतीसारखी रिकामी जागा पडली तर ती चाई असू शकते. अशा वेळी पेन्सिलीने झाकत बसू नका. ससून रुग्णालयाच्या त्वचारोग ओपीडीतही दाखवता येतं.

पेठेतली
कोथरूडकरांना लांब जायची गरज नाही. डहाणूकर, कर्वेनगर, वारजे भागात घरगुती पार्लर खूप आहेत, आणि भुवयांसाठी मी मोठ्या एसी सलूनपेक्षा तीच सुचवेन, कारण तिथे दर वेळी तोच हात मिळतो. पहिल्यांदा स्वतःचं करून घेऊ नका. अप्पर लिप करा आणि शेजारच्या खुर्चीवर भुवया कशा करतायत ते बघा. नवीन दोरा घेतात का, हात धुतात का, दोरा तोंडात धरतात की गळ्यात अडकवतात? मी तोंडात धरणाऱ्यांकडे जात नाही. अस्वच्छ थ्रेडिंगमधून चामखीळ आणि जंतुसंसर्ग पसरल्याची उदाहरणं आहेत. काम कुठे शिकलात तेही निःसंकोच विचारा. आयटीआयमध्ये कॉस्मेटॉलॉजीचा एक वर्षाचा ट्रेड असतो, तो केलेल्या मुलींचा हात स्थिर वाटतो मला.

सणाच्या आदल्या दिवशी आणि शनिवारी संध्याकाळी चुकूनही जाऊ नका. मागे रांग असली की हात पळतो. मंगळवार-बुधवारी सकाळी अकराच्या सुमाराला जा. प्लकर आणि छोटी वाकडी कात्री तुळशीबागेत मिळेल, पण घेताना प्लकरची टोकं नीट जुळतात का ते हातावरचा एक केस पकडून तिथेच बघा.

शेवग्याच्या_शेंगा
यात गाडीचं राहिलं. आपण थ्रेडिंग झालं की लगेच स्कार्फ कपाळावर घट्ट आवळतो, वर हेल्मेट. घाम, धूळ आणि घासणं, दुसऱ्या दिवशी बारीक पुळ्या. त्या दिवशी स्वच्छ धुतलेला सुती स्कार्फ वापरा. घरी येऊन गार पाणी आणि साधं कोरफडीचं जेल, दिवसभर मेकअप नाही.

निळी_सायकल
मग तारखा कशा धरू? आणि लग्नात पेन्सिल लागलीच तर काळी की ब्राउन?

दोरा_आणि_पावडर
गणपतीला फक्त मधले केस. दिवाळीपर्यंत उजवी बरीच भरलेली असेल, तेव्हा पहिल्यांदा खालून साफ करा आणि कात्री लावा. त्याच आठवड्यात मेकअपची ट्रायल ठेवा, दिवसाच्या उजेडात फोटो काढून. शेवटचं थ्रेडिंग हळदीच्या चार-पाच दिवस आधी. हळदीच्या दिवशी किंवा आदल्या दिवशी नको, ताज्या कातडीवर हळद झोंबते.

पेन्सिल गडद ब्राउन घ्या. केस काळे असले तरी काळी पेन्सिल फ्लॅशमध्ये शाईसारखी दिसते. सलग रेघ ओढायची नाही. जिथे विरळ आहे तिथे केसासारख्या छोट्या रेघा द्या आणि ब्रशने विंचरून मिसळा. सुरुवातीकडे अगदी हलका हात, शेपटीकडे थोडा दाब. आणि मेकअपवाल्या ताईंना आधीच सांगून ठेवा की त्या दिवशी भुवयांना दोरा किंवा ब्लेड लावायचं नाही. साडी नेसवण्याच्या गडबडीत "एवढंसं साफ करते" म्हणून फिरवतात.