देवस्थानासाठी गोल्फ कार्ट घ्यायची आहे. खर्चाचा अंदाज कसा बांधावा?

बालाघाटकर (बीड)

सर्वांना नमस्कार. आमचे देवस्थान टेकडीवर असून वाहनतळापासून महाद्वारापर्यंत सुमारे एक किलोमीटरचा चढ आहे. वृद्ध व दिव्यांग भाविकांसाठी सहा आसनी गोल्फ कार्ट (बॅटरीवर चालणारी लहान उघडी गाडी) घ्यावी, असा ठराव विश्वस्त मंडळाने केला आहे. नव्या गाडीचे दरपत्रक पावणेसहा लाखांचे आले आहे, तर एका रिसॉर्टमधील जुनी गाडी पावणेदोन लाखांत मिळत आहे. पैसा दानपेटीतला असल्याने तो विचारपूर्वक खर्च व्हावा, अशी आमची इच्छा आहे. वाटेत गावाचा रस्ता ओलांडावा लागतो, हेही नमूद करतो. दरपत्रकात न दिसणारे खर्च कोणते?

वीजतंत्री, लातूर

नमस्कार. जुन्या गाडीचा भाव खरे तर तिच्या बॅटऱ्यांवरून ठरवावा. ४८ व्होल्टच्या गाडीत बहुधा ८ व्होल्टच्या सहा लेड-ॲसिड बॅटऱ्या असतात आणि त्या संपलेल्या असतील, तर नव्या संचासाठी लाखाच्या आसपास रक्कम लगेच बाजूला काढावी लागते. म्हणून केवळ विक्रेत्याच्या शब्दावर न जाता तपासणीला व्होल्टेज मोजणारा मल्टिमीटर घेऊन जावे. पूर्ण चार्ज करून काही तास उभ्या ठेवलेल्या गाडीत प्रत्येक बॅटरीने साधारण ८.४ ते ८.५ व्होल्ट दाखवायला हवेत. त्यानंतर सहा माणसे बसवून गाडी चढावर न्यावी आणि लगेच पुन्हा मोजावे. पाच बॅटऱ्या सारख्या आणि एकच खाली गेलेली दिसली, तर ती एक बदलून भागत नाही, कारण जुन्या संचात नवी बॅटरी घातली की तीही लवकर थकते. टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी साचली असेल, तर देखभाल झालेली नाही असे समजावे.

आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या पुढे जातो आणि उष्णतेने लेड-ॲसिड बॅटरीचे आयुष्य झपाट्याने घटते. पत्र्याच्या बंद शेडपेक्षा हवेशीर सावली बरी. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटरच घालावे. बोअरचे जड पाणी प्लेटा खराब करते. जत्रेनंतर गाडी महिनोन्‌महिने डिस्चार्ज अवस्थेत उभी राहिली, तर न वापरताच संच वाया जातो. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीला पाणी लागत नाही, वजन बरेच कमी असते आणि चांगल्या प्रतीची बॅटरी दोन हजारांहून अधिक चार्जिंग चक्रे टिकते. रोजचा वापर असेल, तर सुरुवातीची जादा किंमत मोजणे योग्य, असे माझे स्पष्ट मत आहे.

विजेचा खर्च त्यामानाने किरकोळ आहे. ४८ व्होल्ट आणि १५० अँपिअर-अवर क्षमतेचा संच म्हणजे सुमारे ७.२ युनिट, चार्जिंगमधील घट धरून एका पूर्ण चार्जला आठ-नऊ युनिट लागतील. मात्र स्वतंत्र सॉकेट आणि नीट अर्थिंग यांचा खर्च अंदाजपत्रकात अवश्य धरावा.

जुना वाहननोंदणी सल्लागार, नांदेड

गावाचा रस्ता ओलांडण्याचा मुद्दा दुर्लक्षून चालणार नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम २(२८) मध्ये केवळ कारखान्यात किंवा बंदिस्त आवारात वापरण्यासाठी बनवलेले विशेष वाहन ‘मोटार वाहना’च्या व्याख्येतून वगळले आहे. सार्वजनिक रस्त्यावर ती सवलत लागू होत नाही. लहान बॅटरी वाहनांना नोंदणीतून मिळणारी २५० वॅटपर्यंतची सूटही येथे लागू होणार नाही, कारण या गाड्यांची मोटार काही हजार वॅटची असते. तेव्हा नोंदणी होऊ शकेल असे मान्यताप्राप्त मॉडेल घ्यावे, नाहीतर फेरीची हद्द रस्त्याच्या एकाच बाजूला ठेवावी. विम्याची चौकशीही पैसे देण्यापूर्वीच करावी. केवळ बॅटरीवर चालणाऱ्या नव्या वाहनांवरील जीएसटी १ ऑगस्ट २०१९ पासून ५ टक्के आहे. पावणेसहा लाखांत कर आणि वाहतूक धरली आहे का, हे लेखी विचारावे.

बालाघाटकर (बीड)

दोघांचेही मनःपूर्वक आभार. रस्त्याच्या अलीकडे, देवस्थानाच्या बाजूला, दिव्यांगांसाठी वेगळा वाहनतळ करता येईल. तसे झाल्यास गाडी आवारातच फिरेल. जुन्या गाडीची चढावरची चाचणी घेतल्याशिवाय निर्णय करणार नाही.

वीजतंत्री, लातूर

चाचणीत उताराकडेही लक्ष द्यावे. सपाट मैदानासाठी बनवलेल्या अनेक गाड्यांना फक्त मागच्या चाकांनाच ब्रेक असतात. भरल्या गाडीने उतारावर मध्येच थांबून पार्किंग ब्रेक धरतो का ते पाहावे. धरत नसेल, तर भाव कितीही उतरला तरी ती गाडी घेऊ नये.