मदत हवी आहे: 'स्टार वॉर्स'मध्ये बिग्जचे प्रसंग परत बसवतोय, संगीत कुठे कापू?

नमस्कार मंडळी,

१९७७ च्या पहिल्या 'स्टार वॉर्स'चा स्वतःपुरता फॅन एडिट (चाहत्याने स्वतः नव्याने केलेलं संकलन) करतो आहे. माझ्याकडच्याच डिस्क वापरतोय, कुठेही टाकणार नाही.

मुळात मला खटकतं ते बिग्जचं मरण. डेथ स्टार या शत्रूच्या अंतराळतळावरच्या हल्ल्यात नायक ल्यूकचा हा बालमित्र मरतो आणि बघणाऱ्याला काहीच होत नाही, कारण आपण त्याला ओळखतच नाही. चित्रीकरणात सुरुवातीलाच ल्यूकच्या ग्रहावरच्या टॉशी स्टेशनवर दोघं भेटतात आणि आपण बंडखोरांना जाऊन मिळणार, हे बिग्ज ल्यूकला विश्वासाने सांगतो. संकलनात ते सगळं गेलं. १९९७ च्या स्पेशल एडिशनमध्ये (सिनेमाच्या सुधारित आवृत्तीत) हल्ल्याआधीची हँगरमधली भेट परत आली, पण आधीची मैत्रीच दिसली नसेल तर त्या मिठीला अर्थ कसा येणार? वगळलेले प्रसंग २०११ च्या ब्लू-रे संचात आहेत, तिथूनच घेतलेत.

पॉल हर्श, मार्शिया लुकास आणि रिचर्ड च्यू यांच्या संकलनाला ऑस्कर मिळालं, ते अगदी रास्त होतं. त्यांनी साधलेला वेग मोडायची माझी मुळीच इच्छा नाही. म्हणूनच अडलोय.

पहिली अडचण: ल्यूक जमिनीवरून दुर्बिणीने आकाशातली लढाई बघतो, तो वगळलेला प्रसंग सुरुवातीच्या अंतराळजहाजावरच्या चकमकीत मध्येच घालायचा आहे. पण तिथे जॉन विल्यम्स यांचं संगीत चालू असतं. चित्र कापलं की सूर तुटतो, आणि तो कानाला लगेच टोचतो.

दुसरी: दोन सूर्य मावळतात त्या प्रसंगासाठी विल्यम्स यांनी आधी एक वेगळी, जास्त गंभीर रचना केली होती. १९९७ च्या दोन सीडींच्या अल्बममध्ये ती आहे. माझ्या बिग्ज-कथेला तीच शोभते, कारण मित्र बंडखोरांकडे निघून गेलाय आणि ल्यूक मागे राहिलाय. ती डीव्हीडीच्या चित्राला लावली तर आजूबाजूच्या संगीताशी तिची पट्टी जुळत नाही. डेमक्सने (आवाजाचे थर वेगळे करणाऱ्या सॉफ्टवेअरने) जुनं संगीत वेगळं करून पाहिलं, पण लेझरचे आवाज व्हायोलिनला चिकटून येतात.

जाणकारांनी कृपया मार्ग सुचवावा.

प्रतिसाद १

पट्टीचं कारण बहुतेक पॅल ही व्हिडिओ पद्धत. आपल्याकडच्या डीव्हीडीत सिनेमा सेकंदाला २५ फ्रेमने पळतो, म्हणजे सुमारे ४ टक्के जलद, त्यामुळे सूरही पाऊण अर्धस्वराइतका चढतो. सीडीला हात लावू नका. चित्र आणि आवाज दोन्ही सेकंदाला २३.९७६ फ्रेमच्या वेगावर आणा. सरळ ब्लू-रेवरून काम केलंत तर हा प्रश्नच येत नाही.

डेमक्स गाण्यांवर शिकवलेलं आहे: गायन, ड्रम, बास आणि उरलेलं सगळं. लेझर त्या उरलेल्यातच पडणार. सूर्यास्तात संवाद जवळपास नाहीतच, तेव्हा मूळ ट्रॅक पूर्ण काढा, वाऱ्याचा आवाज स्वतः रेकॉर्ड करा आणि त्यावर सीडी ठेवा. संवादाच्या प्रसंगांत ५.१ (सहा चॅनलच्या) आवाजाचा सेंटर चॅनल उचला. बोलणं मुख्यतः तिथेच असतं.

प्रतिसाद २

चकमकीबद्दल: सूर आणि चित्र एकाच फ्रेमवर कापू नका. एखादा स्फोट शोधा आणि संगीत त्याच्या आवाजाखाली संपवा. वाळवंटाचा वारा चित्राच्या थोडा आधी सुरू होऊ द्या. ल्यूकच्या प्रसंगाला संगीत देऊच नका. जहाजावरच्या गोंगाटानंतर ती शांतता त्याच्या एकटेपणाला न्याय देईल. परतताना मधूनच न शिरता सीडीवरच्या ठाशीव आघातापासून शिरा.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार! ब्लू-रेवरून नव्याने सुरू करतोय. आता एकच विचारतो: बिग्जचं जहाज फुटतं तिथे सूर्यास्ताच्या त्या रचनेतले चार-पाच सेकंद ठेवावेत असं फार वाटतंय. लढाईचा ताण त्याने सैल पडेल का?

प्रतिसाद २

पडेल. तिथे संगीत अर्धा सेकंद थांबवा आणि ल्यूकचा चेहरा मूळपेक्षा जरा जास्त वेळ धरा. टॉशी स्टेशन आधी दाखवलंय ना, मग ओळख पटवायला सुरांची गरज नाही.